वजन फडातच कळले पाहिजे

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ऊस वाहतूक आणि वजन' एवढेच छापले आहे. विषय वाचून काहीजणांनी मघाशी चहाच्या वेळी विचारले, ''भाऊ, भावाचे बोला. एफआरपीचे बोला. ट्रकच्या वजनाशी आपला काय संबंध? तो ट्रकवाला बघेल आणि आरटीओ बघेल.'' मी आज तेवढेच सांगायला उभा आहे, की संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. भाव टनाला मिळतो. तोडणी टनावर मिळते. वाहतूक टनावर मिळते. भावासाठी आपण रस्त्यावर उतरलो, मार खाल्ला, तुरुंगात गेलो. पण भाव ज्याने गुणायचा तो टन कोण मोजतो, कुठे मोजतो, कधी मोजतो, याचा विचार करायला आपल्याला सवड झाली नाही. गुणाकारात दोन आकडे असतात. एका आकड्यासाठी आपण भांडलो. दुसरा आकडा समोरच्याच्या हातात ठेवून आलो.

ऊस शेतात वाढवला आपण. तोडला टोळीने. भरला टोळीने. चार-सहा तासांनी, कधी दीड दिवसाने, तो कारखान्याच्या काट्यावर चढतो. तिथे खिडकीतून एक पावती बाहेर येते आणि त्या पावतीवर पहिल्यांदा कळते, की माल किती होता. तोवर त्या मालाचे वजन जगात कोणालाच ठाऊक नसते. पिकवणाऱ्याला नाही, तोडणाऱ्याला नाही, वाहणाऱ्याला नाही. ठाऊक होते ते फक्त घेणाऱ्याला, आणि तो सांगेल ते खरे. किराणा दुकानात आपण पाव किलो साखर घेतो तेव्हा तराजूचा काटा वाकून बघतो. वीस टन ऊस देताना मात्र डोळे मिटून देतो.

एक रात्र रस्त्यावर

माझ्याकडे एक दहा चाकी ट्रक आहे. आरसी बुकात एकूण वजन २५ टन लिहिले आहे. रिकामी गाडी रस्सा, ताडपत्री आणि भरलेल्या टाकीसह ९ टन भरते. म्हणजे माल भरायचा तो १६ टन. हिशोब सोपा आहे. पण फडात हिशोब चालत नाही, अंदाज चालतो. मुकादम म्हणतो, ''मालक, अजून दोन थर बसतील.'' ड्रायव्हर पाट्यांकडे बघतो आणि म्हणतो, ''बसतील.'' दोन थर बसतात.

काही हंगामांपूर्वी अशीच गाडी भरून निघाली. रात्री हमरस्त्यावर तपासणी पथकाने हात केला, जवळच्या काट्यावर नेली. वजन भरले २९ टन. चार टन जादा. दंड तर झालाच, पण जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलणार नाही, असे सांगितले. रात्री अकरा वाजता रस्त्याच्या कडेला चार टन ऊस उतरवायला माणसे कुठून आणायची? सकाळी दुसरी गाडी मिळाली. ऊस उन्हात वाळला. टोळी फडात बसून राहिली, तिची एक दिवसाची मजुरी बुडाली. ज्याचा ऊस होता त्या शेतकऱ्याने मला शिव्या दिल्या, आणि त्या बरोबरच होत्या.

मी त्या रात्री पथकावर फार चिडलो होतो. पण विचार करता करता ध्यानात आले, की त्यांनी कायद्यातलेच केले. माझी चूक वेगळीच होती. मला माझ्या गाडीत काय आहे हेच माहीत नव्हते. ते आधी पथकाला कळले, मग मला.

कायदा काय म्हणतो

कायदा नीट समजून घ्या, म्हणजे कोणी घाबरवणार नाही आणि कोणी फसवणारही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ११३ मध्ये वजनाची मर्यादा आहे, ११४ मध्ये गाडी काट्यावर नेऊन वजन करायला लावण्याचा अधिकार आहे आणि १९४ मध्ये दंड. १९९४ च्या दुरुस्तीने हा दंड दोन हजार रुपये आणि वर जादा टनाला एक हजार असा होता. २०१९ च्या दुरुस्तीने मूळ दंड दहापट झाला आणि टनामागचा दुप्पट. आता मूळ दंड २० हजार आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार. शिवाय माल उतरवण्याचा खर्च आपला, आणि जादा माल उतरल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. गाडी थांबवून वजन करू दिले नाही तर ४० हजार. ऊस हौद्याच्या बाजूने किंवा मागून बाहेर आला, ठरलेल्या उंचीच्या वर गेला, तर त्याचा दंड वेगळा, तोही २० हजार.

आता माझ्या गाडीचा हिशोब मांडा. चार टन जादा म्हणजे २० हजार अधिक ८ हजार, एकूण २८ हजार. टनाला ३०० रुपये वाहतूक मिळते असे समजू. जादा चार टनांचे मिळाले १,२०० रुपये. म्हणजे एका दंडाने तेवीस खेपांची जादा कमाई गिळली. त्यात टायर, पाटे, डिझेल आणि ब्रेक धरलेले नाहीत. तेवीस खेपांत एकदाही सापडणार नाही अशी ज्याची खात्री असेल त्याने हात वर करावा.

दुसरी गोष्ट. पूर्वी काही राज्यांत पैसे भरले की जादा मालाचे कार्ड मिळत असे. कार्ड दाखवले की गाडी पुढे. म्हणजे सरकारच कायदा मोडण्याचा परवाना विकत होते. ९ नोव्हेंबर २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो धंदा बेकायदा ठरवला. दंड भरला म्हणून जादा वजन नेता येत नाही. दंड हे भाडे नव्हे.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. वजन दोन तऱ्हेने मोजतात, सगळ्या गाडीचे आणि एकेका आसाचे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने या मर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एकेरी आसाला १०.२ टन होते, ते ११.५ झाले. मागच्या जोडआसाला १९ चे २१ झाले. दहा चाकी गाडीचे एकूण २५ चे २८.५ टन झाले. तुमच्या गाडीला यातला कोणता आकडा लागू, हे भाषणावरून ठरवू नका. आरसी बुकात जो आहे तो धरा.

आता बघा, दहा चाकी गाडी एकूण बरोबर २८.५ टन भरली. पण माल मागे ढकलला गेला आणि मागच्या जोडआसावर २२.५ टन आले. एकूण वजन नियमात, तरी आसाचे वजन दीड टन जादा. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. गाडी उलाळ झाली की जू वर उचलते आणि बैल लटकतात. ट्रकही उलाळ होतो. फरक एवढाच, की बैल लगेच सांगतात आणि ट्रकचे स्टिअरिंग उतारावर सांगते.

जादा भरल्याचा फायदा कोणाला?

तुम्ही म्हणाल, हौस म्हणून कोण जादा भरतो? वाहतुकीचे दरच असे आहेत, की नियमात भरले तर हप्ता निघत नाही. खरे आहे. पण दर असे का आहेत? कारण सगळेच जादा भरतात. एकाने १६ टनांच्या जागी २० टन नेले, की त्याला टनामागे कमी दर परवडतो. मग दुसऱ्याला तोच दर घ्यावा लागतो, म्हणून तोही २० टन भरतो. वर्षभरात २० टन हीच रीत होते, आणि २० टनांवर जेमतेम परवडेल असा दर ठरतो. फायदा कोणाकडे गेला? वाहनमालकाकडे नाही, शेतकऱ्याकडे तर नाहीच. गेला तो कमी दरात काम करून घेणाऱ्याकडे. धोका, दंड आणि कर्जाचा हप्ता मात्र आपल्याकडे राहिला. शेतीमालाच्या बाबतीत जे पन्नास वर्षे बघितले तेच इथेही आहे. जो जास्त राबतो तोच भाव पाडतो आणि तोच मरतो.

रस्त्याचेही सांगतो. रस्ते कशाने मोडतात याची मोठी चाचणी अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झाली. खास रस्ते बांधले आणि त्यावर ट्रक फिरवत ठेवले. त्यातून निघालेले सूत्र इंजिनिअर आजही अंदाजाला वापरतात. आसावरचा भार वाढतो त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. साध्या भाषेत, भार दहा टक्के वाढला तर झीज दीडपट. वीस टक्के वाढला तर दुप्पट. भार दुप्पट केला तर झीज सोळापट. हंगाम संपल्यावर ज्या रस्त्यावरून आपली पोरे शाळेला जातात, दूध डेअरीला जाते, टोमॅटोचे क्रेट बाजाराला जातात, तो रस्ता आपणच चार महिन्यांत फोडलेला असतो. मग खड्ड्यात टोमॅटो फुटतात आणि आपण ग्रामपंचायतीला दोष देतो.

काटामारी आणि आपले मिटलेले तोंड

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. काटामारीचा संशय या सभागृहातल्या प्रत्येकाला आहे. सगळे कारखाने काटा मारतात असे मी म्हणणार नाही. जे चोख मोजतात त्यांना नमस्कार. पण संशय आहे तिथे आपण काय करतो? कुजबुजतो. पारावर बोलतो. तक्रार करत नाही. का करत नाही?

आमच्या गटातल्या एका वाहनमालकाची गोष्ट ऐका. त्याला संशय आला, म्हणून त्याने कारखान्याच्या वाटेवर खाजगी काट्यावर भरगाडीचे वजन केले. २७ टन. कारखान्याच्या काट्यावर तीच गाडी २६ टन १०० किलो. नऊशे किलो कमी. तो पावती घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटले, ''चल, तक्रार करू.'' तो खाली बघून म्हणाला, ''दादा, माझी गाडी २५ टनांची आहे. ही पावती दाखवली तर आधी मीच अडकतो.''

भावांनो, त्या दिवशी मला हे कोडे सुटले. जो मर्यादेबाहेर भरतो त्याच्या हातातला पुरावा त्याच्याच विरुद्ध जातो. कायदा मोडायला लावून ज्याला आपल्यासारखाच दोषी करून ठेवला, तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. जादा भरलेली गाडी ही काटा मारणाऱ्याची सगळ्यात मोठी ढाल आहे. मर्यादा पाळायची ती सरकारवर उपकार म्हणून नव्हे. आपले तोंड मोकळे राहावे म्हणून पाळायची.

आणि काटा मारला तर जाते किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी जाहीर झाली, म्हणजे टनाला ३,५५०. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, ते बाजूला ठेवू. दोन एकर ऊस, एकरी ४० टन, म्हणजे ८० टन. शंभराला पाच गेले तर ४ टन. चार टनांचे १४ हजार २०० रुपये. शंभर रुपये भाववाढीसाठी आपण रस्ता अडवतो. ८० टनांवर शंभर रुपयांचे होतात ८ हजार. रस्त्यावर मिळवले त्याच्या पावणेदोनपट काट्यावर गेले.

आणि ही चोरी एकट्या शेतकऱ्याची नाही. त्याच काट्यावर बीडहून आलेल्या कोयत्याची मजुरी ठरते. पहाटे चारला उठून, पोराला झोळीत टाकून मोळ्या वाहणाऱ्या बाईची मजुरी त्याच टनावर आहे. वाहनमालकाचे भाडे त्याच टनावर आहे. एक काटा तिघांना मारतो, आणि हे तिघे एकमेकांशी भांडत बसतात. मुकादम उचल घेऊन पळाला, ट्रकवाल्याने खुशाली मागितली, शेतकऱ्याने वाडे दिले नाही. भांडणे खरी आहेत. पण तिघांचा हिशोब ज्या एका आकड्यावर आहे, तो आकडा तिघांपैकी कोणाकडेच नाही.

गाडीवरचा काटा

यावर उपाय आहे, आणि तो फार मोठ्या विद्येचा नाही. गाडीवरच बसवलेला काटा. जंगलात लाकडे भरणाऱ्या अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या ट्रकवाल्यांनी तो कित्येक वर्षे वापरला आहे. कारण जंगलात वजनकाटा नसतो आणि बाहेर हमरस्त्यावर तपासणी असते. आपल्या फडाची हीच अवस्था नाही का? तिकडचे धान्य पिकवणारे शेतकरी शेतातल्या धान्यगाडीलाच काटा लावतात, म्हणजे ट्रकमध्ये किती ओतले ते ओततानाच कळते. युरोपीय संघाने २०१५ मध्ये नियम केला, की सदस्य देशांनी मे २०२१ पर्यंत जादा वजनाच्या गाड्या हेरण्याची सोय करावी, रस्त्यात बसवलेल्या यंत्राने किंवा गाडीवर बसवलेल्या काट्याने.

हा काटा चालतो कसा? लक्झरी बसला पाट्यांच्या जागी हवेचे फुगे असतात ते तुम्ही पाहिले असतील. भार वाढला की फुग्यातला हवेचा दाब वाढतो. दाब मोजला की वजन कळले. हे सगळ्यात सोपे. पण आपल्या बहुतेक ट्रकना पाटे आहेत. तिथे दोन तऱ्हा आहेत. एक, हौदा आणि चासी यांच्या मध्ये वजन मोजणारे ठोकळे बसवायचे. त्यांना लोडसेल म्हणतात. कारखान्याच्या काट्याखालीही बहुधा हेच असतात. दुसरी, आस किंवा पाटे भाराने किती वाकले ते मोजणारा सेन्सर बसवायचा. ड्रायव्हरच्या समोर आकडा दिसतो. थर चढत जातात तसा आकडा चढत जातो. मर्यादा आली की मुकादमाला सांगायचे, थांबव. वाद नाही, अंदाज नाही.

पण मी दुकानदार नाही. म्हणून या काट्याचे दोषही सांगतो. पाट्यांवरचा काटा किलोला किलो लागत नाही. पाटे एकमेकांवर घासतात, अडकतात, म्हणून भरताना एक आकडा आणि थोडी गाडी चालवल्यावर दुसरा, असे होते. शंभराला दोन-तीनचा फरक धरूनच चाला. २५ टनांवर तो अर्ध्या ते पाऊण टनाचा झाला. शेत उताराचे असेल, एक चाक चरात असेल, ब्रेक दाबलेला असेल, तर आकडा चुकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे, या काट्याचा आकडा म्हणजे खरेदी-विक्रीची पावती नव्हे. त्यासाठी वैधमापन खात्याने पडताळून शिक्का मारलेलाच काटा लागतो. गाडीवरचा काटा न्यायाधीश नाही, तो राखणदार आहे. कुत्रा भुंकला म्हणून चोर सिद्ध होत नाही, पण घरधनी जागा होतो.

म्हणून वापरायची रीत लक्षात ठेवा. हंगाम सुरू होताना रिकामी गाडी शिक्क्याच्या काट्यावर न्या आणि तो आकडा यंत्रात बसवा. मग भरगाडी त्याच काट्यावर न्या आणि दुसरा आकडा बसवा. हे दोन टोक पक्के झाले की मधले जुळते. पाटे बदलले, पाटा तुटून नवा घातला, की हे पुन्हा करायचे. वजन बघताना गाडी सपाट जागी आणायची, चाकाला दगड लावायचा, ब्रेक सोडायचा. आणि मर्यादेला टेकून कधी भरायचे नाही. अर्धा-पाऊण टन हात राखून भरायचे. पावसात भिजलेला ऊस आणि चाकाला लागलेला चिखलही वजनात येतो.

ज्याला यंत्र परवडत नाही त्याने

यंत्राची किंमत एका दंडाशी आणि एका हंगामाच्या काटामारीशी ताडून बघा आणि मग ठरवा. सरकारकडे त्यासाठी अनुदान मागू या असे मी म्हणणार नाही. अनुदान आले की ठेकेदार येतो, आणि मग काटाच ठेकेदाराच्या मर्जीने चालतो.

बिनपैशाची रीत आहे. रिकाम्या गाडीला आस आणि चासी यांच्यात किती अंतर आहे ते टेपने मोजा. गाडी बरोबर मर्यादेइतकी भरून शिक्क्याच्या काट्यावर नेऊन पुन्हा मोजा. चासीला रंगाने खूण करा. पुढे फडात पाटे त्या खुणेपर्यंत दबले की भरणे थांबवा. थोडी गाडी पुढे-मागे करून मगच मोजायचे, म्हणजे अडकलेले पाटे मोकळे होतात. हा गरिबाचा काटा. चोख नाही, पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा बरा.

दुसरी रीत टोळीसाठी. ताणकाटा झाडाला टांगा. वेगवेगळ्या सरींतल्या वीस मोळ्या वजन करा. सरासरी काढा. गाडीत चढलेल्या मोळ्या मोजायच्या तर टोळीतले एक पोरही पाटीवर रेघा मारू शकते. मोळ्या गुणिले सरासरी. रात्री मुकादम, वाहनमालक आणि शेतकरी तिघांच्या वहीत एकच आकडा लिहिला जाईल. ज्या दिवशी तिघांच्या वहीत एकच आकडा आला, त्या दिवशी खिडकीतल्या पावतीचा राजेपणा संपला.

तिसरी रीत गावासाठी. चाकाखाली ठेवायच्या वजनपाट्या मिळतात. एका गाडीला काटा बसवण्याऐवजी गावातल्या दहा वाहनमालकांनी वर्गणीने एक संच घ्यावा. सपाट ओटा करून फडाच्या वाटेवर ठेवावा. एकेका आसाचे वजन कळेल, गाडी उलाळ झाली का तेही कळेल.

मग काय झाले

ज्याने खाली बघून 'मीच अडकतो' म्हटले होते, त्याची गोष्ट अर्धी राहिली. पुढच्या हंगामात त्याने गाडीला काटा बसवला आणि मर्यादेच्या आत भरू लागला. खेपा वाढल्या, खेपेचे पैसे कमी झाले, घरात भांडणे झाली. हे लपवत नाही. एके दिवशी गाडीवरचा आकडा आणि कारखान्याची पावती यांत त्याला सहाशे किलोहून जास्त फरक दिसला. दुसऱ्या खेपेलाही तसाच. तिसऱ्या खेपेला तो आधी शिक्क्याच्या खाजगी काट्यावर गेला, तारीख-वेळेची पावती घेतली, तिथून थेट कारखान्याच्या काट्यावर. फरक ६२० किलो. या वेळी त्याची पावती २५ टनांच्या आतली होती. तो गाडी काट्यावरून हलवेना. मागे रांग लागली. मागचे वाहनवाले उतरून आले, टोळीतले लोक आले, शेतकरी आला. कोणी दगड उचलला नाही, कोणी शिवी दिली नाही. एकच मागणी, आमच्यासमोर फेरवजन करा आणि काट्याच्या पडताळणीचा दाखला दाखवा.

दोन तास गेले. साहेब आले, मशीन 'गरम झाले असेल' म्हणाले. फेरवजनात फरक जवळजवळ गेला. दुसऱ्या दिवसापासून त्या काट्यावर आमच्या गाड्यांचा फरक तीस-चाळीस किलोच्या वर गेला नाही. काय दुरुस्त झाले ते आम्हाला कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. एवढेच कळले, की रांगेतल्या एकाला स्वतःचे वजन माहीत असेल, तर यंत्र गरम होत नाही.

या हंगामाचे काम

आता भाषण पुरे, कामाचे बोलतो. गावागावांत जाऊन पाच गोष्टी करायच्या आहेत.

पहिली, प्रत्येक वाहनमालकाने आरसी बुकातला आकडा आणि रिकाम्या गाडीचे वजन गाडीच्या दारावर रंगवायचे. ड्रायव्हरला, मुकादमाला आणि शेतकऱ्याला तो दिसला पाहिजे.

दुसरी, भरगाडीचे आणि रिकाम्या गाडीचे, दोन्ही वजनांची तारीख-वेळेसह छापील पावती घ्यायची. रिकाम्या वजनातच खरी गोम असते. रिकामी गाडी कागदावर जड झाली, की ऊस हलका होतो.

तिसरी, कारखान्याच्या काट्यावर पडताळणीचा दाखला लावलेला आहे का, त्याची मुदत आहे का, ते वाचायचे. पडताळणी दर वर्षी व्हावी लागते. दाखला दिसला नाही तर वैधमापन खात्याकडे लेखी अर्ज द्यायचा. तोंडी नको.

चौथी, वाहतुकीचा दर नियमातल्या भारावर परवडेल असाच ठरला पाहिजे, ही मागणी वाहनमालकांनी एकट्याने नव्हे, शेतकरी आणि तोडणी कामगार यांनी मिळून करायची. कलम १९४ मध्ये जादा वजनाची गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणाराही दोषी धरला आहे. 'गाडी पूर्ण भरल्याशिवाय आणू नको' असे जो सांगतो, त्याला हे कलम वाचून दाखवा.

पाचवी, प्रत्येक तालुक्यात निदान एका गाडीवर या हंगामात काटा बसवून बघायचा. बाहेरच्या काट्याचे, गाडीवरचे आणि कारखान्याचे, तिन्ही आकडे रोज एका वहीत लिहायचे. हंगामाच्या शेवटी ती वही इथे, याच बैठकीत आणायची. फरक नाही निघाला तर कारखान्याचा सत्कार करू, मी स्वतः हार घालीन. निघाला तर वही बोलेल, आपल्याला आरडाओरडा करावा लागणार नाही.

भावांनो, मायबहिणींनो, आपल्या बापजाद्यांनी खळ्यावर रास मोजल्याशिवाय दाणा उचलू दिला नाही. पहिली पायली मोजताना 'लाभ' म्हणायचे आणि मग पुढे मोजायचे. रास आपल्या खळ्यात, पायली आपल्या हातात. उसाने पैसा आणला, पण पायली हातातून गेली. ती परत हातात घ्यायची आहे. पुढच्या बैठकीला येताना घोषणा आणल्या नाहीत तरी चालेल. वही आणा.